एकशे बारा रत्तल

सन चाळीसच्या नाताळाला पाच दिवस उरले होते. घरात करंज्यांचं सारण भाजायला घेतलं होतं, आणि आमचे हे एका जपानी माणसाला सायकलच्या दांडीवर बसवून घरी घेऊन आले.

सासूबाई ओट्यावर अनारशांचं पीठ मळत होत्या. पीठ तसंच सोडून त्या दारात आल्या.

"कुनाचं पोरगं रं हे, एलिया?"

"पोरगं नाही आई, चांगला चोवीस वर्षांचा आहे. बॉक्सर आहे. गुद्द्यांची कुस्ती खेळतो. आपल्याकडे राहणार आहे आठवडाभर."

सासूबाईंनी त्याला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. उंचीला माझ्याएवढाच. गालांची हाडं वर आलेली, कोटाच्या बाहीतून मनगटं काडीसारखी बाहेर डोकावत होती. तो कमरेतून वाकला, आणि सासूबाई बघतच राहिल्या. इतकं वाकून त्यांना आजवर कुणीच नमस्कार केला नव्हता.

"ह्याला कोन गुद्दा मारील?" त्या म्हणाल्या. "मारनाऱ्यालाच पाप लागंल."

आमचे हे मिशनच्या शाळेत ड्रिल मास्तर. संध्याकाळी भिंगारच्या कँपात, गोऱ्या शिपायांच्या जिमखान्यात मदतीला जायचे. तिथं दरवर्षी नाताळाच्या दुसऱ्या दिवशी बॉक्सिंगचे सामने होत. मुंबईचे कुणी परेरासाहेब असे सामने ठरवून देत, आणि यंदा त्यांनी हा जपानी पाहुणा आणला होता. साहेबलोकांनी डाक बंगला भरून गेलेला, तेव्हा आमच्या ह्यांनी सहज म्हटलं, माझ्याकडे राहू दे. सहज म्हटलेल्या गोष्टी आमच्या घरात नेहमी माझ्या चुलीपर्यंत येतात.

पाहुण्याचं नाव इसामू होरी. सासूबाईंनी दुपारपर्यंत त्याचा इसाक केला. बायबलातला माणूस बरा, म्हणाल्या, तोंडाला ओळखीचा.

त्याला खिशात मावेल एवढं इंग्रजी येत होतं. ह्यांना शाळेपुरतं येत होतं. दोघं हातवारे करून बोलत, आणि मग हे आम्हांला मराठीत सांगत. अशी त्याची हकिकत आम्हांला तुकड्यातुकड्यांनी कळली. समुद्रकाठच्या गावचा, मासे वाळवणाऱ्यांच्या घरातला. सोळाव्या वर्षी तोक्योला पळाला, एका बॉक्सिंगच्या तालमीत झाडू मारायला राहिला. एक दिवस उस्तादांनी त्याला काट्यावर उभं केलं. एकशे बारा रत्तल भरला. 'फ्लाय' म्हणून एक गट असतो, सगळ्यांत हलक्यांचा. एकशे बाराच्या वर काटा गेला, की त्या गटात खेळता येत नाही. त्याच गटात तो जिंकत गेला. शांघायला जिंकला, मनिलाला जिंकला. तिकडच्या वर्तमानपत्रात त्याचा फोटो आला होता.

"आणि आता?" मी विचारलं.

"आता मागचे तिन्ही सामने हरलाय. कलकत्त्याला एक, मुंबईला दोन. म्हणतो, चौथ्या फेरीत पायच जातात. परेरांनी बजावलंय, नगरला जिंकलास तर मनिलाची मोठी लढत देतो. हरलास, नाहीतर वजनात बसला नाहीस, तर जानेवारीच्या बोटीनं घरी जायचं आणि हातमोजे खुंटीला टांगायचे."

इसामू तेव्हा मांडी घालून माझ्या मार्थाकडे बघत होता. मार्था चार महिन्यांची. तिनं त्याचं बोट पकडलं होतं आणि तो ते सोडवून घेत नव्हता.

पहिल्या जेवणाला सासूबाईंनी त्याच्यापुढे ताट ठेवलं. दोन भाकरी, मटणाचा रस्सा, भात, वर करंजी. त्यानं हात जोडले, काहीतरी पुटपुटला आणि जेवायला लागला. शेवटचं शीतसुद्धा बोटानं उचललं. ताट घासल्यासारखं लख्ख.

"आगं बाई, उपाशी हाय की लेकरू," सासूबाई म्हणाल्या आणि परत वाढलं.

तेही त्यानं संपवलं. परत वाढलं. तेही संपलं. तिसऱ्या खेपेला त्याच्या कपाळावर घाम आला होता, पण ताटात कण राहिला नाही. सासूबाईंचा चेहरा असा फुलला होता की मी रश्श्याचं पातेलंच त्यांच्याकडे सरकवलं. आमच्या घरात सगळे कमी खाणारे. इतक्या वर्षांनी त्यांना मनासारखा जेवणारा भेटला होता.

दुसऱ्या दिवसापासून आळी जागी झाली. नाताळाचे दिवस, घरोघरी फराळ चाललेला. जपानचा पाहुणा आलाय म्हटल्यावर शेजारच्या लंकाबाई चकल्यांचं ताट घेऊन आल्या. पलीकडून शेव आली, मागच्या घरून बुंदीचे लाडू. प्रत्येक बाई समोर उभी राहून बघायची, आणि इसामू प्रत्येकीचं ताट रिकामं करून वाकून परत द्यायचा. ताट रिकामं बघून ती बाई घरी जायची आणि भरून परत आणायची.

"भरल्या अंगाचा न्हाई, पन पोटाचा लई खोल हाय," लंकाबाई म्हणाल्या.

सकाळी तो धावायला जाई, ते थेट केडगावच्या रस्त्यानं. परत आला की अंगणातल्या लिंबाला टांगलेल्या पोत्यावर ठोसे मारायचा. आमचे हे पोतं मागून धरायचे. मी मार्थाला पाजत दारात बसले की ते समोर दिसायचं. पहिल्या दिवशी पोतं नुसतं हललं होतं. चौथ्या दिवशी त्यानं डाव्या हातानं असा ठोसा लगावला, की पोत्यासकट आमचे हे दोन पावलं मागे गेले आणि तुळशीएवढ्या माझ्या पुदिन्यात बसले.

"अहो, लागलं का?"

"नाही गं," हे उठत म्हणाले, पण बघत होते इसामूकडे. इसामू स्वतःच्या मुठीकडे बघत होता, जणू ती दुसऱ्या कुणाची होती.

नाताळाच्या आदल्या दिवशी हे त्याला मिशनच्या दवाखान्यात घेऊन गेले. तिथं मोठ्या माणसांचा काटा होता. परेरासाहेबही आले होते. तासाभरात अंगणात आवाज चढला.

"एकशे एकोणीस!" परेरा टोपी हलवत ओरडत होते. "सात रत्तल जास्ती! मास्टर, तुमी त्याला काय घातलाय? काय घातलाय खायला?"

सासूबाई पदर खोचून बाहेर आल्या. "काय घातलाय म्हंजी? जे देवानं दिलंय ते घातलंय. उपाशी ठेवायचा हुता का पाव्हना?"

"अरे बाबा, उपाशीच ठेवायचा होता!"

एवढं झाल्यावर आमच्या ह्यांनी इसामूला विचारलं, तुला ठाऊक होतं ना, मग इतकं खाल्लंस कशाला? तो खाली मान घालून बोलत राहिला. ह्यांनी ऐकलं आणि हसू दाबत आमच्याकडे वळले.

"तो म्हणतो, आमच्याकडे ताटात काही टाकलं तर वाढणाऱ्या आईचा अपमान होतो. संपवावंच लागतं. आई वाढायची कधी थांबते याची तो वाट बघत होता."

सासूबाईंनी कपाळाला हात लावला. "आन मी त्यो कवा टाकतोय त्याची वाट बघत हुते! आपल्याकडं ताट रिकामं दिसलं की वाढायचंच असतं. पोट भरल्यालं मानूस घास ठेवतो, न्हाईतर ताटावर हात धरतो. ह्यानं हात धरला का एकदा तरी?"

लंकाबाई कुंपणावरून म्हणाल्या, "माज्या चकल्यांना तर हात जोडत हुता तो. मला वाटलं, आवडल्या."

हसू सगळ्यांनाच आलं, परेरांना सोडून. त्यांनी बोट नाचवत सांगितलं, परवा सकाळी काटा एकशे बारावर नाही आला, तर लढत रद्द आणि बोटीचं तिकीट हातात. मग इसामूनं सांगितलं की एका दिवसात वजन उतरवता येतं. घाम काढायचा, पाणी तोंडाला लावायचं नाही. दरवेळी तो हेच करत आला होता. फक्त एवढी मोठी गरमी इथं कुठं मिळेल?

गरमी म्हटल्यावर मलाच सुचलं. "केडगावला कारभारींचं गुऱ्हाळ लागलंय की."

नाताळाच्या दिवशी उपासना उरकून आम्ही टांग्यानं केडगावला गेलो. इसामू टांग्यात बसला नाही. अंगावर तीन घोंगड्या पांघरून टांग्याच्या मागे धावत होता. रस्त्यानं भजनं म्हणत जाणारी मंडळी थांबून बघत. त्यांचा मृदंगवाला त्याच्या पावलांवर ठेका धरून बराच लांब सोबत आला.

कारभारी म्हणजे ह्यांच्या ओळखीचे शेतकरी. त्यांच्या मळ्यात चरक फिरत होता, बैल गोल गोल चालले होते. काहिलीत रस उकळत होता आणि खाली चुलाणात चिपाडांचा जाळ धडधडत होता. घोंगड्या पांघरून चुलाणापाशी बसायचं आणि चिपाडं सारायची, असं ठरलं. पण गुऱ्हाळात आलेल्या माणसाला रस न देता बसवणं कारभारींना झेपेना. ते तांब्या भरून घेऊन आले.

"घ्या पाव्हनं."

"त्येला न्हाई द्यायचा," सासूबाई आडव्या झाल्या.

"असं कसं? माज्या मळ्यात आलाय. इथनं कुनी कोरडं गेलंय व्हय आजवर?"

"आज जाऊ द्या एक."

"मग काकवी? चाटायला तरी?"

"कारभारी, म्या सांगते, तुमी त्यो तांब्या मागं घ्या, न्हाईतर म्याच पाठीवर एक देईन." पाच दिवस जी बाई त्याला वाढत होती, ती आता चिपाडाचा दांडा हातात घेऊन त्याच्या शेजारी पहाऱ्याला बसली होती. गुळव्या ताज्या गुळाचा खडा घेऊन आला, त्यालाही हाकललं. एक म्हातारी शेंगा घेऊन आली, तिलाही. स्वतःही सासूबाईंनी काही तोंडात टाकलं नाही. नाताळाच्या दिवशी. मी म्हटलं, आत्याबाई, तुम्ही तरी खा, तर म्हणाल्या, "त्याच्या म्होरं बसून खाऊ व्हय?"

दुपार चढली तसा इसामू निथळत गेला. आमचे हे त्याला मधून मधून गुळाच्या तराजूत बसवत होते. एका पारड्यात ढेपा, एका पारड्यात जपानचा बॉक्सर. कारभारी रत्तल आणि शेरांचा हिशेब मोठ्यानं करत, आणि गडी प्रत्येक वेळी "उतरला, उतरला" ओरडत. तीन रत्तल उतरले. मग साडेतीन. मग काटा हलेना.

मी मार्थाला मांडीवर घेऊन लांब सावलीत बसले होते. मला त्याचे हात दिसत होते. चिपाडं उचलायला त्याला आता दोन्ही हात लागत होते. चेहऱ्याची हाडं परत वर आली होती, अगदी पहिल्या दिवशी दारात उभा होता तशी. आणि मला तो पुदिन्यात बसवणारा ठोसा आठवला. मी ह्यांना हाक मारली.

"अहो, त्याला विचारा ना, हे असं तो कधीपासून करतोय?"

ह्यांनी विचारलं. इसामूनं हातातली चिपाडं जाळात सारली. मग बोलला, आणि या खेपेला हे भाषांतर करताना हसले नाहीत.

"म्हणतो, सोळाव्या वर्षापासून. शरीर वाढत गेलं आणि तो त्याला एकशे बारात कोंबत गेला. मागचं वर्षभर पाण्याऐवजी ओलं फडकं चोखून दिवस काढले. म्हणतो, मी आईच्या मानासाठी ताट संपवतो असं स्वतःला सांगत होतो. खरं म्हणजे मला भूक लागली होती. लई वर्षांची."

सासूबाईंना पुढचं ऐकायचं नव्हतं. त्या उठल्या, त्याच्या अंगावरच्या घोंगड्या एकेक करून ओढून काढल्या आणि चुलाणापासून त्याला दंडाला धरून बाजूला आणलं.

"बास झालं. कारभारी, आना तुमचा तांब्या."

"आई!" हे दचकले. "अगं त्याची लढत जाईल. परेरा त्याला घरी पाठवतील."

"पाठवू दे. मेलेला पाठवन्यापरीस जिता गेल्याला बरा."

कारभारींनी तांब्या असा धावत आणला की अर्धा वाटेत सांडला. इसामू तांब्याकडे बघत होता. तो घेतला की सगळं संपलं, हे त्याला आम्हां सगळ्यांपेक्षा जास्त ठाऊक होतं. मनिला, तो फोटो, आठ वर्षं. त्यानं सासूबाईंकडे पाहिलं. मग दोन्ही हातांनी तांब्या उचलला आणि एका दमात रिकामा केला.

कारभारींनी लगेच परत भरला.

आमचे हे डोकं धरून तराजूपाशी बसले होते. एकाएकी उठले. "आई, लालकेशा कॉर्पोरल!"

"त्यो कोन?"

"कँपातला. वरच्या गटातला, बँटमचा, एकशे अठरा रत्तलांपर्यंतचा. त्याच्याशी लढायला खडकीहून येणारा शिपाई तापानं पडलाय. त्याला उद्या जोडच नाही!"

हे कारभारींची घोडी घेऊन भिंगारकडे सुटले. दिवस कलायला आला तेव्हा परतले, मागे टांग्यात परेरासाहेब. परेरांचं तोंड कडू झालं होतं. म्हणाले, कॉर्पोरल तयार आहे, कारण त्याला वाटतंय आयतं बक्षीस मिळतंय. तीन वर्षांत तो कँपात कुणाकडून हरलेला नाही. इसामूपेक्षा वीतभर उंच. "मी सांगतो, हा पोरगा त्याच्यापुढे उभा राहिला ना, तर दोन फेऱ्यांत आडवा. पण अट माझी तीच आहे. जिंकला तर मनिला. हरला तर बोट."

इसामूनं ऐकलं आणि मान हलवली, आणि मग ह्यांना हळूच काही विचारलं.

"काय म्हनतोय?" सासूबाईंनी विचारलं.

"विचारतोय, रात्री जेवायला काय आहे."

त्या संध्याकाळी आमच्या घरात नाताळ झाला. मात्र सासूबाई वाढत होत्या त्या दवाखान्यातल्या नर्सबाईसारख्या, चमच्यानं, एकशे अठराच्या वर जाऊ नये म्हणून. आणि आमच्या ह्यांनी इसामूला ताटावर हात कसा धरायचा ते शिकवलं. त्यानं धरला. लंकाबाईंना फार वाईट वाटलं.

सकाळी काटा एकशे सतरावर थांबला.

सामने दुपारी होते, कँपाच्या मैदानावर, शामियान्यात. बायका तिथं जात नसत. सासूबाई म्हणाल्या, मी त्याला खायला घातलंय, मी बघायला जानार. मग मीही मार्थाला घेऊन निघाले, आणि आम्ही खानसाम्यांच्या नि मोतद्दारांच्या घरच्यांबरोबर दोरीच्या मागे उभ्या राहिलो.

कॉर्पोरल आला तेव्हा शिपायांनी शिट्ट्या मारल्या. तांबडे केस, लांब हात, हसरा चेहरा. इसामू त्याच्यापुढे शाळेतल्या पोरासारखा दिसला. सहा फेऱ्यांची लढत. पहिल्या दोन फेऱ्या मी डोळ्यांवर पदर घेऊनच ऐकल्या. ठोसा बसल्याचा आवाज पोत्यावर वेगळा असतो, माणसावर वेगळा. तिसऱ्या फेरीत सासूबाईंनी माझं मनगट आवळलं. मी पदर काढला. इसामू खाली पडला होता.

"ऊठ रं, इसाका!" सासूबाई ओरडल्या. सगळा शामियाना आमच्याकडे वळून बघायला लागला. "ऊठ! म्या काय तुला आडवं पडायला जेवू घातलं व्हय?"

पंच आकडे मोजत होता. इसामू गुडघ्यावर आला, मग उभा राहिला. घंटा वाजली.

आता चौथी. इथंच त्याचे पाय जातात, हे मला आठवत होतं, परेरांनाही आठवत असणार, कारण ते तोंड फिरवून उभे राहिले होते. मी फक्त त्याच्या पायांकडे बघत राहिले. पाय चालत होते. आत, बाहेर, आत. कॉर्पोरलचे लांब हात त्याच्या डोक्यावरून जायला लागले. इसामू खालून आत शिरायचा, बरगडीवर दोन ठोसे देऊन निघून यायचा. पाचव्या फेरीत कॉर्पोरलचं हसू गेलं. तोंड उघडं पडलं. आणि मग तो डावा आला, माझ्या ओळखीचा. पोटात बसला. कॉर्पोरल दोरीवर टेकला आणि हळूच खाली बसला, जसे आमचे हे पुदिन्यात बसले होते. मोठा मानी माणूस, नऊ म्हणेपर्यंत उठला. पण सहावी फेरी सगळी इसामूची होती. शिपाई आपला माणूस विसरून ओरडायला लागले.

पंचानं इसामूचा हात वर केला तेव्हा कॉर्पोरलनंच त्याला कमरेला धरून उचललं. आमचे हे दोरी ओलांडून रिंगणात कधी गेले ते त्यांनाही कळलं नाही. सासूबाई रडत होत्या आणि शेजारच्या खानसाम्याच्या बायकोला सांगत होत्या, "माज्या घरी हाय तो. माज्या हातचं खातो."

परेरा घाम पुसत आमच्यापाशी आले. "मनिलाला तार करतो. पण मास्टर, तिथं आता वजन काय कळवू?"

ह्यांनी इसामूला विचारलं. त्याचा एक डोळा सुजून मिटला होता. तो म्हणाला, एकशे अठरा. आणि आणखी काही म्हणाला.

"म्हणतो, त्याच्या खाली आता कधीच नाही."

परतताना टांग्यात इसामू सासूबाईंच्या शेजारी बसला. भिंगारचा नाका ओलांडेपर्यंत त्याची मान कलली आणि डोकं त्यांच्या खांद्यावर आलं. ऊन पिवळं झालं होतं. घोडं घराच्या ओढीनं जोरात निघालेलं, चाकं खड्ड्यांवरून उडत होती.

"हळू हाक रं बाबा," सासूबाई टांगेवाल्याला दबक्या आवाजात म्हणाल्या. "लेकरू झोपलंय."

टांगेवाल्यानं वळून माझ्या मांडीकडे पाहिलं. मार्था टक्क जागी होती.